बाईंचा षड्ज

आईनं पंजा दाखवला. म्हणजे गप्प बस.

मी मेथी निवडता निवडता काहीतरी बडबडत होते, ते तिथंच थांबवलं. टेपवर अंबूबाई नरवाडकरांचा मारवा रंगात आला होता. आई खुर्चीत ताठ बसली, गळ्यावरचं फडकं तिनं सारखं केलं आणि डोळे मिटले. वरचा षड्ज लागला. वाट बघून कंटाळल्यावर घरचं माणूस दारात उभं दिसावं, तसा लागला. खाली कुठंतरी एक घोगरा आवाज धैवतावर रेंगाळत होता. आईनं डोळे उघडले, मांडीवरची पाटी घेतली, एका अक्षराचं काम केलं आणि माझ्यासमोर धरली.

"मी."

"माहितेय की गं," मी म्हटलं. "रोज काय सांगतेस?"

तिचे खांदे हलले. ती हसत होती. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आईचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. कॅन्सर. जीव वाचला, आवाज गेला. श्वास घ्यायचा तो गळ्याला ठेवलेल्या भोकातून, आणि बोलायचं ते बटण दाबून पुसायच्या त्या लहान मुलांच्या पाटीवर. बोलायला शिकवायला फर्नांडिस मॅडम यायच्या. हनुवटीखाली एक यंत्र दाबून धरायचं आणि ओठ हलवायचे, की यंत्रातून शब्द उमटतात, सगळे एकाच पट्टीत, घरघरत. आईनं ते एकदाच धरलं, "वैजू" एवढं म्हणाली आणि पलंगावर टाकून दिलं. पाटीवर लिहिलं, "मिक्सर."

मी हसले, पण मॅडमनी मला दाराबाहेर नेलं.

"वैजयंतीताई, हसण्यावारी नेऊ नका. बोलायचंच नाही असं ठरवलेली माणसं पुढं जेवणही सोडतात. मी बघितलंय. त्यांना कशानं तरी ओढून धरा."

ओढून धरायला ही टेप सापडली.

टेप आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती. कुरुंदवाडला एका देवळाच्या सभामंडपात बाईंची मैफल झाली, तेव्हा लाउडस्पीकरवाल्यानं ती भरून घेतली आणि आईला दिली. आई तेव्हा बाईंची शिष्या, लग्नाआधीची शकू. मागं तानपुरा घेऊन बसायची. लहानपणापासून ऐकत आल्यामुळं मी धरूनच चालले होते, की पुढचा सुंदर आवाज बाईंचा आणि मागचा घोगरा आईचा. आईनं कधी ते खोडलं नाही. ऑपरेशननंतर एका दुपारी मात्र तिनं मला सगळं लिहून सांगितलं. पाटी भरली की पुसायची आणि पुढं लिहायची.

मागं बसणाऱ्या शिष्येचा एक रिवाज असतो. गुरूचा दम संपला की तेवढी जागा भरायची, पण वरचा सूर आपण होऊन घ्यायचा नाही. मारव्यात तर षड्जाला मुद्दाम लांब ठेवतात, ऐकणाऱ्याला ताटकळवतात आणि मग तो लावतात. तो मान गुरूचाच. कुरुंदवाडला बाई तापात गात होत्या आणि त्यांचा गळा बसत चालला होता. षड्जाची वेळ आली तेव्हा बाईंचा डावा हात मागं आला आणि त्यांनी आईचा गुडघा दाबला. आईला वाटलं चुकून लागला. त्यांनी पुन्हा दाबला, जोरात. मग आईनं षड्ज घेतला. बाईंनी तोंड उघडलं, हात वर नेला आणि बसक्या गळ्यातून निघेल तेवढं खालून गात राहिल्या. माइक एकच. समोरच्यांनी जे पाहिलं तेच ऐकलं.

परतताना एसटीत बाई एवढंच म्हणाल्या, "शके, आज लाज राखलीस. आता तोंड मिटून बस."

आई तोंड मिटून बसली. मगदुमांच्या घरात लग्न होऊन आली, गाणं सुटलं, बाई गेल्या, तबलजी गेला. लाउडस्पीकरवाल्याचा तर पत्ताच नाही. माझ्या वडिलांनासुद्धा तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"आता का सांगितलंस?" मी विचारलं.

"आता काय मिटायचं राहिलंय," तिनं लिहिलं.

तेव्हापासून आमचा करार झाला. संध्याकाळी टेप, आणि टेप झाली की यंत्राचा सराव. आईनं त्याची वाटणीच करून टाकली होती. लिहायची, "माझा आवाज तिथं आहे. हा मिक्सर बाजारापुरता." दूधवाल्याला तिनं एकदा यंत्रातून "उद्या एकच लिटर" म्हणून ऐकवलं तर तो किटली घेऊन दोन पावलं मागं सरला. आई दिवसभर खूष होती. त्या दिवशी तिनं वाटीभर शिरा खाल्ला.

एवढं चांगलं चाललं होतं. पण मला वाटलं, हा षड्ज आम्ही दोघींनीच का ऐकायचा?

फेसबुकवर 'अंबूबाईंचे कानसेन' नावाचा समूह होता. हजारो माणसं. बाईंची साडी कोणत्या मैफलीत कोणती होती इथपर्यंत अभ्यास. आईला विचारून मी टेप तिथं चढवली. खाली लिहिलं, कुरुंदवाडची मैफल, तानपुऱ्यावर माझी आई शकुंतला. बाकी काही नाही. गुडघ्याचा प्रकार आमच्या दोघींतच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी पेटलंच ते. समूहाचे मुख्य चांदोरकर म्हणून एक निवृत्त इंजिनिअर होते, पुण्याचे. त्यांनी लिहिलं, असा षड्ज बाईंनी पुन्हा कधी लावला नाही. लोकांनी त्याचं नावच पाडलं, 'बाईंचा षड्ज'. कुणी तो मोबाइलची रिंग म्हणून लावला, कुणी लिहिलं की आजारी वडिलांना रोज ऐकवतो. आई चष्मा नाकावर ओढून टॅबवर एकेक ओळ वाचायची आणि पाटीवर लिहायची, "खुळी." मग पुन्हा वाचायची. दुसऱ्याच्या नावानं का होईना, चाळीस वर्षांनी तिची दाद तिच्याकडं येत होती. माझी आई इतकी सुंदर दिसू शकते हे मला तेव्हा कळलं.

मग एकानं विचारलं, "सगळं ठीक, पण मागून रेकणारी म्हैस कोण?"

त्याच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. "नाव दिलंय की वर, शकुंतला." "बाईंनी हिला वाटेतच उतरवायला हवं होतं." "षड्जात माशी." गंमत चढत गेली. एका पोरानं त्या घोगऱ्या आवाजावर म्हशीचं चित्र हलवलं आणि ते चित्र गावभर फिरलं. माझ्या ऑफिसातल्या ग्रुपवरसुद्धा आलं.

मी टॅब लपवला. आईनं तो गादीखालून बरोबर काढला. सगळं वाचून तिनं लिहिलं, "बाईंना म्हैस म्हणतायत."

तिचं नाव घेऊन लोक हसत होते, त्याचं तिला काहीच नव्हतं. तिला लागलं ते बाईंचं.

त्या आठवड्यात कुणीतरी 'स्वच्छ मारवा' म्हणून नवी प्रत चढवली. कॉम्प्युटरवर मागचा आवाज काढून टाकला होता. षड्ज एकटाच, लखलखीत. मूळ टेप आता कुणी ऐकेना. आईनं ती प्रत ऐकली आणि टॅब उलटा ठेवला.

"बाईंना काढून टाकलं," तिनं लिहिलं. "त्यांच्याच मैफलीतनं."

"मग सांगू का खरं?"

तिनं आधीची पाटी पुसली. मग लिहिलं, "ताप होता म्हणून सांग. नीट सांग. बाईंना कमीपणा नको."

मी नीट सांगितलं. चार वेळा लिहून खोडलं, आईला वाचून दाखवलं आणि तिनं मान हलवल्यावरच टाकलं. ताप, बसलेला गळा, गुडघा, सगळं. बाईंचं मन किती मोठं की शिष्येला षड्ज दिला, असंही लिहिलं.

त्या दिवसापासून आमच्या घराची कळा गेली.

"गुरू गेल्यावर आईला मोठं करायची घाई बघा." "उद्या म्हणतील सगळ्या रेकॉर्ड आईनंच गायल्या." "म्हैस ती म्हैस, वर षड्जावर हक्क." ज्यांनी षड्ज ऐकून डोळे भरून आल्याचं लिहिलं होतं, तीच माणसं होती ही. एकानं लिहिलं, "एवढा षड्ज होता तर आता एकदा लावून दाखवा म्हणावं, आम्ही ऐकतो."

मी लिहिलं, माझ्या आईचं स्वरयंत्र काढलंय, ती आता बोलूही शकत नाही.

उत्तर आलं एका शब्दाचं. "सोयीस्कर."

मग चांदोरकरांनी अभ्यास मांडला. ते शिवीगाळ करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी बाईंची रेडिओवरची जुनी गाणी घेतली, षड्जाचा आकार, निषादावरून वर जायची लकब, श्वासाची जागा, सगळं शेजारी शेजारी ठेवून आलेख काढले. तंतोतंत जुळत होतं. जुळणारच होतं ना! बाईंनी गळ्यात घातलं तेच आईच्या गळ्यात होतं, त्यासाठी तर ती पोर सात वर्षं त्यांच्या घरची धुणी धुवत होती. पण हे मी कुणाला सांगायचं? निकाल लागला होता. चांदोरकरांच्या खाली शेकडो लोकांनी हात जोडले.

आईनं तो अभ्यास वाचला, आलेख मोठे करून करून बघितले. मग कानाला इअरफोन लावून ती टेप ऐकायला लागली. पूर्वी संध्याकाळी एकदा ऐकायची, आता सकाळपासून तेच. तेवढाच तुकडा, पुन्हा मागं, पुन्हा तेवढाच. ऐकताना तिचा चेहरा परीक्षा देणाऱ्या पोरीसारखा व्हायचा. मी जेवायला हाक मारली तरी तिला कळायचं नाही.

एका संध्याकाळी षड्ज लागला आणि आई नुसती बसून राहिली. मीच म्हटलं, "अगं, आली की तू."

तिनं पाटीवर फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

त्यानंतर टेप बंद झाली. टेप नाही म्हणून सराव नाही. यंत्र टेबलावर पडून राहिलं. भाकरीचा अर्धा तुकडा, मग चतकोर, मग नुसतं ताक. आई रडायची, आणि ती पाठमोरी असली की ते मला कळायचंच नाही, कारण रडण्यालाही आवाज नव्हता. मी तिच्यावर ओरडले, तिच्या पाया पडले, बाईंची शपथ घातली. शपथ घातली तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

शेवटी मी चांदोरकरांना फोन लावला.

"तुम्ही एवढंच लिहा, की चूक असू शकते. एक ओळ लिहा."

"वैजयंतीताई, मी तुमच्या आईंचा अवमान होईल असं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलंत. पण तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. चूक असू शकते, बस."

"पण चूक नाहीये हो. तुमच्याकडं आईंचं दुसरं एखादं रेकॉर्डिंग आहे का? बारसं, डोहाळजेवण, काहीही? मी ताडून बघतो. जुळलं तर जाहीर माफी मागतो."

नव्हतं. आमच्या घरात आई कधी गायलीच नव्हती. आणि आता गळा नव्हता.

"आई जेवत नाही हो," मी म्हटलं आणि फोनवरच रडायला लागले.

ते म्हणाले, "मी येतो. त्यांना भेटतो. त्या समोर म्हणाल्या, की तो आवाज माझा, तर मी आलेख बाजूला ठेवीन आणि तसं लिहीन. शब्द देतो."

मला देव पावल्यासारखं झालं. मी आईला सांगितलं, "ते येतायत. फक्त हो म्हण. पाटीवर लिही, मान हलव, काहीही कर. मग सगळं मिटलं." आईनं ऐकून घेतलं. विरोध केला नाही म्हणून मी तो होकारच समजले.

चांदोरकर आले तेव्हा फर्नांडिस मॅडमही घरी होत्या, मीच बोलावलं होतं. पांढऱ्या केसांचा, वाकून चालणारा साधा माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांनी पेढ्यांचा पुडा ठेवला आणि थेट आईच्या पायांवर डोकं टेकलं.

"बाईंच्या इतक्या जवळ बसलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप उघडला. आधी बाईंचा रेडिओवरचा षड्ज लावला, मग कुरुंदवाडचा. मग दोन्ही सावकाश करून, एकावर एक. दोन सूर एकमेकांत असे मिसळले की खोलीत एकच सूर राहिला. आई एकटक पडद्याकडं बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली.

"शकुंतलाबाई," चांदोरकर म्हणाले, "मी चुकत असेन. तिथं तुम्ही होतात, मी नव्हतो. तुम्हीच सांगा. हा आवाज कुणाचा?"

मी पाटी तिच्यासमोर धरली. तिनं ती बाजूला सारली आणि टेबलावरचं यंत्र मागितलं. फर्नांडिस मॅडम चटकन उठल्या, यंत्र तिच्या हातात दिलं. आईनं ते हनुवटीखाली दाबलं, जागा नीट शोधली. मला वाटलं, शाब्बास, आता तोंडानंच सांगते ही.

"तो आवाज," यंत्र घरघरलं, "बाईंचा आहे. माझा नव्हे."

एकेक शब्द सुटा, स्वच्छ. फर्नांडिस मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. "आई, किती छान! केवढं मोठं वाक्य! बघा, जमतंय की नाही?"

चांदोरकरांनी डोळे पुसले, पुन्हा नमस्कार केला. जाताना मला दारात हळूच म्हणाले, "मोठ्या मनाची बाई आहे." त्या रात्री त्यांनी समूहावर लिहिलं, की शिष्येनं स्वतः खुलासा केला आहे, आता कुणी तिची थट्टा करू नये. आणि खरंच, थट्टा थांबली.

ते गेल्याबरोबर मी आईवर तुटून पडले.

"का म्हणालीस असं? बाईंना कमीपणा येईल म्हणून? अगं, बाई गेल्या! तू आहेस अजून! मला तरी खरं सांग."

तिनं पाटी ओढली. लिहिलं, "खरंच सांगितलं. एवढ्या माणसांचे कान चुकतील का?"

"तूच लिहून दिलं होतंस मला, सगळं. एसटीत काय म्हणाल्या ते..."

"चाळीस वर्षं झाली. मनानं रचलं असेल. मी ऐकलं खूप वेळा. मी नाही तिथं."

"आणि गुडघा?" मी तिचे दोन्ही हात धरले. "गुडघा दाबला ना त्यांनी? दोनदा दाबला ना? तो कशाला दाबला मग?"

आईनं हात सोडवून घेतले. पाटीवरचं पुसलं. ती इतका वेळ थांबली, की मला वाटलं आठवतंय तिला, येतंय परत. मग तिनं अगदी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं,

"गप्प बस म्हणून दाबला असेल."

मी ते वाचलं आणि जमिनीवर बसले. मला रडू आवरेना. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, समजूत काढल्यासारखा. तिला वाटत होतं, मी तिच्या चुकीसाठी रडतेय.

त्यानंतर यंत्राला तिनं पुन्हा हात लावला नाही. टेपही लावू दिली नाही. दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली आणि थंडी संपायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. समूहावर चांदोरकरांनी श्रद्धांजली लिहिली, बाईंची एकनिष्ठ शिष्या म्हणून. खाली शेकडो हात जोडलेले.

याला आता सहा वर्षं झाली. 'बाईंचा षड्ज' अजून फिरतो. मध्ये एका लग्नात, वरमाईच्या एंट्रीला वाजला. लोक म्हणतात, काय सूर आहे. मी जेवणाच्या रांगेतून बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले.

मूळ टेप माझ्याजवळ आहे. आईची फार आठवण आली की मी ती लावते. वरचा आवाज ऐकते तेव्हा चांदोरकरांचे आलेख दिसतात, खालचा ऐकते तेव्हा म्हैस दिसते. मग डोळे मिटून पुन्हा ऐकते. दोन बाया गातात. त्यांतली एक माझी आई आहे, एवढंच मला माहीत आहे.